सुपारगड पडला

पेशवाईतल्या पुण्यात पोट भरायचे सतरा धंदे होते, गेनबाचा अठरावा. तो पेठेतल्या माणसांना पडके गड दाखवायचा. तांबडं फुटायला कसब्यातून निघायचं, चार कोसांवरच्या सुपारगडावर न्यायचं, पाण्याचं टाकं दाखवायचं, कडेलोटाचं टोक दाखवायचं आणि दिवेलागणीच्या आत ज्याला त्याला दारात आणून सोडायचं. टोकावर गेलं की मंडळी हमखास विचारायची, इथून किती जणांना ढकललं? गेनबा तोंडं बघून आकडा सांगायचा. भित्री असली तर पाच, खमकी असली तर पन्नास.

गडाच्या पायथ्याचंच त्याचं गाव. बाप गडाच्या दारावर पहाऱ्याला होता. पुढं शिबंदी उठली, बाप मेला, दाराच्या फळ्या गावानं गोठ्याला नेल्या. गेनबा मैनेशी लग्न करून कसब्यात आला, पण जिभेवरचं गाव काही उतरलं नाही. सदाशिव पेठेतल्यांनी त्याच्या ‘हाय-न्हाई’ला हसावं आणि त्यानं त्यांना मुद्दाम निवडुंगाच्या कडेकडेनं न्यावं, अशी फिटंफाट चालायची.

मैनेचा एक बोकड होता. काळा, वाकड्या शिंगांचा, मरीआईला बोललेला. फुकटचं चरणं होईल म्हणून ती त्याला रोज नवऱ्याबरोबर धाडायची. पुढं बोकड, मागं गेनबा, त्याच्या मागं पुण्याची अक्कल, अशी वरात गड चढायची.

एके दिवशी दिगंबरपंत आले. कचेरीतले कारकून. सासुरवाडीची माणसं पाहुणी आली होती, त्यांना गड दाखवून दिवस मावळायच्या आत कामावर हजर होतो असं कचेरीत सांगून निघालेले. माणसं वर पोचली, शिदोऱ्या सुटल्या. बोकडाच्या अंगाला खाज सुटली. तो कडेलोटाच्या टोकावरच्या बुरजाला जाऊन घासायला लागला. तीनशे वर्षं तोफांना न बधलेला बुरूज बोकडाच्या ढुंगणाला बधला. टोकासकट गडगडत खाली गेला आणि नेमका चढायच्या वाटेवर बसला. बोकड मागच्या मागं सरला आणि आता घासायचं कशाला, अशा चेहऱ्यानं बघत राहिला.

माणूस एक मेला नाही. पण वाट बंद. दुसरी एक शेरडांची वाट होती, ती सासूबाईंच्या आवाक्यातली नव्हती. पंतांनी कचेरीला चिठ्ठी खरडली, ‘सुपारगड सकाळी पडला. आम्ही वर अडकलो. येणे होत नाही.’ गेनबा शेरडांच्या वाटेनं खाली उतरला, पुण्याकडं निघालेला जासूद गाठून त्याच्या हाती चिठ्ठी दिली आणि धोंडे बाजूला करत बसला.

आता पुण्यात गड पडला म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढं दगड येतात का? गड पडला म्हणजे गनिमानं घेतला. तिसऱ्या प्रहराला सर्जेराव नावाचे सरदार दोनशे स्वार घेऊन, नगारा वाजवत पायथ्याशी हजर. पायथ्याशी माणूस एकच सापडला. त्याला धरला.

सर्जेरावांनी विचारलं, गड पडला तेव्हा कुठं होतास?

“म्होरंच व्हतो. डोळ्यांदेखत पडला.”

“मग काय केलंस?”

“बाजूला सरलो.”

“कुणी पाडला?”

“बोकडानं.”

“किती होते?”

“येकच. काळा. शिंगं वाकडी.”

सरदारांच्या मिशा थरथरल्या. फितूर तो फितूर, वर थट्टा करतो. त्यांनी जागच्या जागी कडेलोटाचा हुकूम सोडला. हुकूम झाला, पण वर जायची वाट कुणालाच ठाऊक नव्हती. स्वार एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी सर्जेरावांनी गेनबालाच विचारलं, वाट माहीत आहे का.

“रोजच दावतो,” गेनबा म्हणाला.

घोडी पायथ्याशी राहिली आणि शेरडांच्या वाटेनं मरायला निघालेला माणूस पुढं, मारणारे मागं. गेनबाच्या तोंडाला सवय. इथं डोकं वाकवा, दोनशे डोकी वाकली. हे पाणी पिऊ नका, बेडूक हाय, कुणी प्यालं नाही. एका स्वारानं हळूच विचारलं, वरून किती जणांना ढकललंय? पहिल्यांदाच गेनबाला आकडा सुचेना.

वर पंत दहीपोहे खात बसले होते. फौज बघून म्हणाले, “एवढी माणसं? आम्हाला एक दोरी पुरली असती.”

सर्जेरावांनी त्यांच्याकडं लक्ष न देता कडेलोटाची जागा विचारली. गेनबानं बोट केलं. तिथं नुसतं आभाळ होतं.

“तीच सकाळी पडली,” तो म्हणाला.

तेवढ्यात बोकड आला आणि सरदारांच्या मांडीला अंग घासायला लागला. काळा. शिंगं वाकडी.

सर्जेरावांनी बोकडाची शिंगं बघितली. मग पंतांना म्हणाले, “पडला म्हणजे... पडला?”

“पडला म्हणजे पडला. उभा असता तर तसं लिहिलं असतं.”

पण नगारा वाजवून आलेला सरदार रिकामा परत कसा जाणार? आणि पहिली चिठ्ठी पंतांच्या हातची, ठपका त्यांच्यावरही यायचा. दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. पंतांनी दौत काढली. ‘सुपारगड घेतला. आपले कोणी पडले नाही.’ इथवर सरळ लिहून झालं. लेखणी अडली. घेतला तर कुणाकडून? दोघांची नजर गेनबावर आली.

 पण गेनबाचं गावाकडचं डोकं. तो म्हणाला, “सरकार, गड म्या धरला असता, तर तुमास्नी वाट कुनी दावली असती?”

 मग दोघांची नजर गेनबावरून घसरून बोकडावर आली.

‘गनीम एक. निकराने उभा होता. कापून काढला.’ चिठ्ठी पुढं गेली. गनीम दोनशे जणांत वाटला, तेव्हा ज्याच्या त्याच्या वाट्याला नखाएवढा आला. सासूबाईंना चार स्वारांनी ढालीवर बसवून धोंड्यांवरून उतरवलं.

दिवेलागण होऊन गेल्यावर गेनबा कसब्यात आला. मैना दारात. तिनं त्याच्या मागं बघितलं, पुढं बघितलं.

“बोकड कुटं हाय?”

“पडला.”

“कुटं पडला?”

“लढाईत.”

मैनेनं सूप खाली ठेवलं.

“आन् तुमी कसं उभं?”