कोशांची माळ आणि तीन खुर्च्या

आमच्या केंद्रात शिकायला यायचं तर आपली खुर्ची आपणच आणावी लागे. तसा काही नियम नव्हता. केंद्र नवीन होतं. टेबलं आली होती, यंत्रं आली होती, पेशी वाढवायचं उबदार कपाट आलं होतं, फक्त खुर्च्या कुठेतरी अडकल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "आपापल्या विभागातून घेऊन या, तात्पुरत्या." तात्पुरती म्हणून आलेली वस्तू आपल्याकडे किती मुक्काम ठोकते ते सगळ्यांना माहीत आहे. मी यंत्र विभागातून एक लोखंडी खुर्ची उचलून चंद्रपूरच्या उन्हात आवार ओलांडून आणली. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात विभागाचं नाव होतं, एवढं ठळक की दुरून वाचता यावं.

विषय होता जैवअभियांत्रिकी. प्रत्येक गटात तीन जण आणि तिघांचे मूळ विषय वेगळे. मी यांत्रिकी शिकलेली, चामोर्शीजवळच्या धानवाल्या घरातली. दुसरा प्राणिशास्त्राचा, सिंदेवाहीचा; त्याला मी पहिल्या दिवसापासून सिंदेवाहीच म्हणते आणि तो मला चामोर्शी. तिसरी दातांची डॉक्टर, इथलीच, चंद्रपूरची. तिच्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. तिला विभागच नव्हता, म्हणून तिने दुकानातली खुर्ची आणली. लाल फुलांच्या खोळीची, जाड गादीची. आम्ही दोघं दिवसभर तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून असायचो. ती चहाला उठली की आमची शर्यत लागे.

मॅडमची एक पद्धत होती. सहामाही परीक्षणात कोणीही स्वतःचं काम मांडायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या आणि दुसऱ्याच्या विषयावर उभं राहायचं. "तुम्हाला एकमेकांचं कळतं की नाही, ते मला पाहायचंय," त्या म्हणायच्या. आणि ज्या गटाला नाही कळलं, तो गट मोडायचा. ज्याने त्याने खुर्ची उचलायची आणि आपल्या विभागात परत जायचं. खुर्चीचं त्या हसत बोलायच्या, पण गट मोडण्याचं अजिबात हसत नव्हत्या.

एकमेकांचं कळणं सोपं नव्हतं. मला झाकण दिसलं की ते उघडून आत बघायची सवय. पेशींचं कपाट मी इतक्यांदा उघडलं की सिंदेवाहीने त्याच्यासमोर खुर्ची टाकून पहारा दिला. "अव, त्या पेशी हायेत, भात नाई. शिजला का म्हनून काऊन पायते?" त्याच्या हाती पाना दिला की तो उलटा फिरवायचा आणि वर बोल्टालाच बोल लावायचा. आम्ही हसलो की डॉक्टर तोंडात वाकून बघायची. मला दाढ भरून घ्यावी लागली ती तिच्यामुळेच.

आमचं काम कोशाचं होतं; आमच्याकडे त्याला कोसा म्हणतात. आमच्या जंगलात ऐनाच्या झाडावर कोशाची अळी पाळतात, तिच्या कोशातून टसरचं रेशीम निघतं. त्या रेशमाची पातळ चकती करायची, ती जखमेवर ठेवायची आणि शरीराच्या पेशींनी तिच्यात बस्तान बसवायचं, म्हणजे जखम भरून येईल, असा बेत. चकती ताणाला टिकली पाहिजे, ते माझं काम. पेशी तिच्यात वाढल्या पाहिजेत, ते सिंदेवाहीचं. ती टाक्यात धरली पाहिजे, ते डॉक्टरचं.

पहिल्या परीक्षणात आम्ही सपाटून आपटलो. कोशाच्या धाग्याचं घट्ट विणलेलं कापड घेऊन आम्ही त्याच्या चकत्या कापल्या होत्या. मजबूत इतक्या की मी खूष. पण पेशी त्यांच्यावर बसेचनात. कडेला जिथे धागे उसवले होते तिथे थोड्या दिसल्या, बाकी चकती ओसाड. नागपूरहून आलेले परीक्षक मला म्हणाले, "छान कापड आहे. शर्ट शिवा." मॅडमनी एक महिना मागून घेतला. पुढच्या वेळी नाही जमलं तर गट मोडेल, हे परीक्षकांनी जाताना दोनदा सांगितलं.

मला मनापासून भीती वाटली. यंत्र विभागात मी काही दुःखात नव्हते, पण तिथे माझ्याशी कोणी भांडत नसे. इथे रोज भांडण होतं, रोज नवं काही कळत होतं, आणि सकाळी आवाराच्या फाटकातून आत येताना माझी चाल आपोआप भरभर होई. एवढं मला आयुष्यात कुठल्याच जागेबद्दल वाटलं नव्हतं. घरी बाबा विचारायचे, "तुही किड्यायची शाळा कशी हाय?" मी म्हणायचे, मस्त. त्या महिन्यात मी विषय बदलायचे.

माझं ठाम मत होतं की धागाच बदलायला हवा. अखंड, लांब, जाड धागा. त्यासाठी कोसाही तसाच हवा. म्हणून आम्ही तिघं आरमोरीकडच्या एका गावी कोसा पाळणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांच्या ओसरीत करड्या-पिवळ्या, बोराहून बऱ्याच मोठ्या कोशांच्या माळा टांगल्या होत्या. मी पिशवीतून तराजू काढला आणि वजनदार कोसे निवडायला लागले. बाई बघत राहिल्या.

"जितं हाय आत," त्या म्हणाल्या. "धागा काढाचा असन त वाफ द्या लवकर. हवा दमट झाली का पाखरू निघते. पाखरू निघालं का कोसा फुटला."

आम्ही तिघांनी मान डोलावली. माना अगदी एकदम डोलल्या, ते मला अजून दिसतं.

परत आल्यावर डॉक्टरने विकत आणलेल्या कोशांची माळ प्रयोगशाळेच्या खिडकीत टांगली, कारण तिथे ती छान दिसत होती. आणि मग काही झालं नाही. वाफ देणं म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे यांत्रिकी, असं सिंदेवाहीने धरलं. आत जीव आहे म्हणजे ते प्राणिशास्त्र, असं मी धरलं. डॉक्टरला वाटलं, दोघांपैकी कोणीतरी केलंच असेल, म्हणून तर माळ खिडकीत शांत आहे. आणि खरं सांगायचं तर त्या माळेजवळून जाताना आम्ही तिघंही जरा वेगाने जायचो. आतला जीव मारायचं काम कोणालाच नको होतं, आणि इतके विषय एका टेबलाशी असले की नको ते काम शेजारच्या विषयात ढकलता येतं. एका विभागात असतो तर ही सोय नसती.

आभाळ भरून आलं, हवा चिकट झाली, आणि एका सकाळी मी दार उघडलं तर पडद्यावर पाखरं बसली होती. तळहाताएवढी. पिवळी, विटकरी, प्रत्येक पंखावर एक गोल काचेसारखा ठिपका. एक माझ्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर, अगदी विभागाच्या नावावर. खाली टांगलेल्या पांढऱ्या कोटांवर त्यांनी तपकिरी डाग पाडून ठेवले होते. माळेतल्या जवळजवळ प्रत्येक कोशाला भोक पडलं होतं.

इतकी सुंदर पाखरं मी आधी पाहिली नव्हती आणि इतका राग मला आधी आला नव्हता. भोक पडलं म्हणजे अखंड धागा संपला. सिंदेवाही मागून आला आणि दारातच थांबला.

"तू वाफ नाई देल्ली?" तो म्हणाला.

"मी? जीव तुझ्या खात्यातला!"

"भट्टी तुह्या खात्यात हाय ना!"

डॉक्टर आली तेव्हा आमचा आवाज आवारात पोचला होता. तिने एका पाखराला कागदावर घेऊन खिडकीशी ठेवलं. दुपारी डबे उघडले. आमच्याकडे डबे एकाच टेबलावर उघडायचे, ही आम्हीच पाडलेली पद्धत. त्या दिवशी मी भाजी पुढे सरकवली नाही आणि त्याने चटणी मागितली नाही. नवीन कोसे आणून धागा काढायला वेळ उरला नव्हता. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं : खुर्ची उचलून आवार उलट ओलांडणारी मी.

डॉक्टर जेवता जेवता फुटका कोसा चिमट्याने उसवत बसली होती. दात कोरायची सवय, दुसरं काय. भोकापासून तिने तो पिंजत नेला आणि टेबलावर कापसासारखा पुंजका जमला.

"आपल्याले धागा कायले पायजे?" ती म्हणाली.

"मजबुतीला," मी फणकारले.

"रजईत कुठी धागा असते? कापूस असते, थरावर थर. तरी फाटत नाई. अब्बाची रजई तू ओढून दाखव फाडून."

सिंदेवाहीचा घास हातातच राहिला. "मांगच्या वेळी पेशी कुठी बसल्या होत्या?" त्याने मला विचारलं. मला, कारण चिठ्ठीत मला त्याचंच काम आलं होतं आणि ते मी पाठ केलं होतं.

"उसवल्या कडेला," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाच कळलं. त्यांना शिरायला फट हवी होती. मी इतके दिवस फटी बुजवत होते. मी भाजी पुढे सरकवली.

त्या संध्याकाळी आम्ही फुटके कोसे सोड्यात उकळून त्यांचा डिंक काढला. वाळल्यावर ते डॉक्टरच्या अब्बांच्या दुकानात नेले. तिथे आता मशीन आहे, पण एवढ्याशा मालासाठी अब्बांनी भिंतीवरची कापूस पिंजायची जुनी धनुकली काढली. तातेवर ठोके पडायला लागले आणि आमचं संशोधन दुकानभर उडालं. आमच्या केसांत, पापण्यांवर, शेजारच्या पानवाल्याच्या काचेवर. सिंदेवाही पाच रुपयांच्या नाण्याएवढा थर लावत होता. अब्बांनी चष्मा वर केला.

"बेटी, एवढ्याशा रजईत झोपन कोन?"

"पेशी, अब्बा."

"त्याईले थंडी लागते का?"

"थंडी नाई, जागा पायजे त्याईले."

"मंग एवढं दाबू नोको," ते मला म्हणाले. मी तेव्हा हाताने थर दाबत होते. दाबण्याची सवय जाता जात नाही. पण किती दाबलं म्हणजे फाटणार नाही आणि फटीही राहतील, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं, आणि तेवढं मला खरंच येत होतं. पुढचे दिवस मी चकत्या दाबल्या आणि ताणल्या, डॉक्टरने टाके घालून ओढल्या, सिंदेवाहीने त्यात पेशी सोडल्या. कपाट मी एकदाही उघडलं नाही. त्याने पहारा उठवला, हा माझा त्या वर्षीचा सगळ्यात मोठा सन्मान.

मधल्या काळात पाखरांनी खिडकीत अंडी घातली होती. सिंदेवाहीने ती पानाच्या द्रोणात भरून बाईंकडे पोचवली. येताना तो त्यांच्या घरी पडून असलेले फुटके कोसे पोतंभर घेऊन आला. बाई म्हणाल्या होत्या, "फुटके कायले नेता, बापू? पाखरू त गेलं." आम्हाला तेच तर हवं होतं. वाफेचं काम कोणाचं, हा प्रश्नच मिटला.

परीक्षणाच्या सकाळी सिंदेवाहीने मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं आणि बाजूला झाला. मी डोळा लावला. तंतूंच्या फटींमधून पेशी लांब होऊन पसरल्या होत्या, एकीचा हात दुसरीला लागलेला. "रडू नोको, काच धुकटते," तो म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळे काही कोरडे नव्हते.

अकरा वाजता परीक्षक आले. मी पेशींवर उभी राहिले, सिंदेवाही टाक्यांवर, डॉक्टर ताणाच्या आलेखावर. परीक्षकांनी मला आडवेतिडवे प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही तेव्हा मी तसं सांगून टाकलं. डॉक्टरला त्यांनी विचारलं, "धागा का सोडलात?" तिने पाखरांची सगळी गोष्ट सांगितली, कोटांवरच्या डागांसकट. कोट धुतले तरी डाग गेले नव्हते. आम्ही तेच घालून उभे होतो. परीक्षक हसले, मग चकती हातात घेऊन त्यांनी ओढून पाहिली. पुन्हा ओढली. ती टिकली.

ते मॅडमबरोबर आत गेले आणि आम्ही बाहेर बसलो. बराच वेळ लागला. मॅडम बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या माझ्या खुर्चीपाशी गेल्या, पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या जुन्या विभागाचा निरोप आलाय, खुर्ची परत हवी आहे म्हणून. काय कळवू?"

मी खुर्ची घट्ट धरली. मागून सिंदेवाही ओरडला, "नाई देत म्हना!" आणि मॅडम हसल्या. तेव्हा कळलं की आम्ही राहिलो.

घरी फोन केला. बाबांना पेशी, चकती, फटी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे पाखरंबी वाचले आन् तूबी." मी म्हटलं, हो बाबा, तसंच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिक्षातून उतरली ती काखेत दोन गाद्या घेऊन. अब्बांनी पाठवल्या होत्या, तिच्या खुर्चीच्याच लाल फुलांच्या कापडाच्या, पाठीला अडकवायच्या खोळीसकट. माझ्या खुर्चीवर तिने ती चढवली, खालून नाडी बांधली. विभागाचं नाव पार खोळीत गेलं. सिंदेवाहीच्याही खुर्चीचं तसंच झालं. आता तिन्ही सारख्या दिसत होत्या आणि शर्यत लावायला काही उरलं नव्हतं. मी सगळ्यात जवळची ओढली आणि बसले. ती कोणाची होती, ते मी पाहिलं नाही.