उजव्या खांद्याचा घोडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे – खरंच माहीत नाही.

माझे बाबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते. संस्थान गेलं, पलटण मोडली. आता ते एका कापड गिरणीच्या फाटकावर दरवान आहेत. पलटणीची एकच आठवण त्यांनी जपली – खांद्यावरचे दोन पितळी बिल्ले. दोन्हींवर सूर्य, खाली धावता घोडा. सूर्य राजाचा, घोडा शिपायाचा, असं बाबा सांगत. पण दोन्ही बिल्ले सारखे नव्हते, हे किती जणांना ठाऊक असेल? दोन्ही घोड्यांची तोंडं उलट दिशांना. खांद्यांवर लावले की दोन्ही पुढेच धावणार. आपला घोडा मागे बघत नाही, म्हणायचे.

मी आठवीत असताना त्यातला उजवा गेला. पलटणीच्या लाइनीतलं घर सोडून आम्ही जुनी इंदूरमध्ये खोली घेतली, त्याच आठवड्यात. "सामानात कुठे तरी पडला. माझीच गलती," बाबा म्हणाले होते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. यंदा इतिहासाच्या सरांनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. मी डावा बिल्ला मागितला. बाबा क्षणभर थांबले, मग पेटीतून काढून दिला. मी कार्ड लिहिलं – सूर्याचा अर्थ, घोड्याचा अर्थ, आणि शेवटी, 'जोडीतला उजवा काळाच्या ओघात गहाळ.' सरांनी ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं ना?

बाबा गिरणीतून सुट्टी काढून आले. धुतलेली टोपी घालून टेबलापाशी उभे राहिले. तेवढ्यात पलटणीच्या दुसऱ्या कंपनीतले एक म्हातारे जमादार आले. वाकून बिल्ला बघितला, कार्ड वाचलं आणि हसले.

"गहाळ? सगळे हेच म्हणतात, भिया. पलटणीतून हाकलला की भर परेडमध्ये उजवा उपटून घ्यायचे. डावा राहू द्यायचे, लोकांना दिसायला." मग बाबांकडे वळून, "काय जी, तुम्ही कशात सापडलात? चोरी का दारू?"

ही रीत मला माहीतच नव्हती. पण बाबांना – बाबांना होती. एकट्या बिल्ल्याचा अर्थ काय होतो, हे माहीत असून त्यांनी तो मला दिला होता.

त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला. "घर बदलताना पडला हो, साहेब. ईमान से."

"हां, हां," जमादार म्हणाले.

सगळे बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे – मी शिकलेला, मी काही तरी बोलेन म्हणून.

मी टेबलावरचं कार्ड सरळ करत राहिलो.

उजवा पडला नव्हता. मी दिला होता. वर्गातल्या एका मुलाकडे फाउंटन पेन होतं आणि त्याला घोडा हवा होता – एवढंच. पेन शाळेत बक्षीस मिळालं, असं घरी सांगितलं. त्याच पेनाने 'गहाळ' लिहिलं.

पलटणीतली जुनी माणसं दर दसऱ्याला जमतात, एकमेकांना सोनं देतात. बाबांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा गेले नाहीत. आईने विचारलं, तर म्हणाले, गुडघा दुखतो.

त्याच सकाळी त्यांनी पाटावर पूजा मांडली होती. डावीकडे बिल्ला. उजवीकडची जागा ते दरवर्षी मोकळी सोडतात. यंदा माझ्याकडून पेन मागून घेतलं, पुसलं, त्या जागेवर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं.

"बक्षिसाचं आहे. अब यही अपना हथियार," म्हणाले. "नमस्कार कर."

मी केला.