माझ्या कानातला आवाज देवाचा नव्हता

"याला टिनिटस म्हणतात," नांदेडच्या कानाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज. तो पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. त्रास मात्र कमी करता येईल."

मला आधी हायसंच वाटलं. लातूरला, आमच्या घरी, त्याला आजार म्हणायला कोणी तयार नव्हतं.

सुरुवात स्वयंपाकघरात झाली. कुकर उतरवला तरी शिट्टी थांबेना. बारीक, सुईसारखी, दोन्ही कानांत. जाऊबाईंनी लसणाचं तेल घातलं. कान आतून सुजला, पिवळं पाणी वाहू लागलं. उशीच्या अभ्र्याचा वास मला स्वतःलाच सहन होईना. जेवायला बसलं तरी तोच वास नाकात.

त्यात सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, सूनबाईला शंखाचा नाद ऐकू येतो. सोमवारच्या भजनाला बाया माझ्या पाया पडू लागल्या. झोप नाही, डोकं भणभणतंय, कानातून घाण येतेय, आणि या म्हणतात मी भाग्यवान. शिसारी यायची मला. गल्लीतल्या आपल्या लेकीकडे राहायला आलेल्या निलंग्याच्या शांताक्कांनी तर माझं डोकं धरून आपला कान माझ्या कानाला चिकटवला. घामट गाल, मिसरीचा उग्र वास. मोरीत जाऊन मी ओकले.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, मला माहेरी नांदेडला सोडा.

मॅडमनी तेलावरून चांगलंच दटावलं. आधी इन्फेक्शन बरं केलं, मग ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून ऐकण्याची तपासणी. बारीक आवाज मला कमी ऐकू येत होते. ती उणीव मेंदू स्वतःच्या आवाजानं भरतो, असं त्यांनी समजावलं. साउंड थेरपी सांगितली: अगदी शांत खोलीत बसायचं नाही, पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवायचा.

लातूरला परतल्यावर भजनात एक बाई वाकली, तेव्हा मी पाय मागे घेतले.

"हा देव न्हाई, आजार हाय. मी इलाज घ्यायलेय," सगळ्यांसमोर म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा पडला. बाया एकेक करून उठल्या. शांताक्का तेवढ्या बसून राहिल्या. परत चिकटतात की काय, म्हणून मी भिंतीकडे सरकले.

"मला बी येतो गं आवाज," त्या हळूच म्हणाल्या. "लई वर्सं झाली. येडी म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. तुझा माझ्यासारखाच हाय का, तेवढंच बघायचं हुतं."

मी परत त्यांच्याजवळ सरकले. पुढच्या तपासणीला आम्ही दोघी एकाच एसटीनं नांदेडला गेलो. आता त्यांना ऐकण्याचं यंत्र लागलंय.

माझा आवाज गेलेला नाही. लसणाच्या फोडणीचा वास अजून सोसत नाही. तुमच्या कानात असं काही सुरू झालं, तर तेल घालू नका, डॉक्टरला दाखवा आणि घरात गप्प बसू नका.

रोज सकाळी निलंग्याहून शांताक्कांचा फोन येतो. "आज कसा हाय?" त्या विचारतात. वाईट दिवस असला तर मी "लई वाईट" म्हणते. "माझा बी," त्या म्हणतात. मग आम्ही आपापल्या कामाला लागतो.