पुस्तक हाय

मंडळी, मी बारावीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. हा कोर्स पास केला की त्याचे क्रेडिट्स पुढे डिग्रीला धरतात. आज हडपसरच्या कॉलेजात त्याची तोंडी परीक्षा होती.

मांजरी गावच्या वैष्णवीने लायब्ररीसाठी प्रोग्रॅम केला होता. परीक्षक सरांनी एका पुस्तकाचं नाव टाकलं. स्क्रीनवर उमटलं, "हाय."

"हाय-हॅलो कसलं करताय? पुस्तक आहे का ते सांगा!"

"सर, तेच सांगतंय की. पुस्तक हाय."

सगळा वर्ग खिदळला. सरांनीही हसत हसतच तिला पास केलं.

मघाशी वैष्णवीचा मेसेज आला. "मॅडम, 'हाय' काढून 'आहे' टाकलंय."

अहो, क्रेडिट्स मिळाले होते, प्रोग्रॅमही बिनचूक चालत होता. मग पोरीने दुरुस्त केलं तरी काय?