समुद्राकडचे पाहुणे

समोरच्या घरचा म्हातारा गावात सांगत फिरतो की कोकणातल्या एका मासेवालीनं मला माझ्याच ओसरीत बसून गुंडाळलं. तो काही बोलतो. त्या दिवशी तो फक्त फुकटचा चहा प्यायला आला होता. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं, पण लिहिता येतं, आणि पाहुण्यांसमोर घरचा कर्ता म्हणून मी बसलो होतो, तो नव्हे. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतो. ज्याला पटेल त्यानं वाचावं.

माझी नात शिकून घरी आली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "आबाजी, मले फेलोशिप भेटली."

"म्हंजे नोकरी?"

"नोकरी नाही. शिकता शिकता काम. नवीन पोरापोरींले देतात."

"काम कायचं?"

"समुद्राच्या न्यायाचं."

आता आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या आजूबाजूला नदी म्हणावी असं पाणीसुद्धा बारा महिने दिसत नाही. समुद्र मी पाहिलेला नाही. पाहायचं काम पडलं नाही. समोरचा तेव्हाही ओसरीवर होताच. तो म्हणाला, "समुद्रावर केस कोनं केली बाप्पा?"

नातीनं समजावून सांगितलं. कोकणात एक गाव आहे. तिथल्या बाया वाळूवर मासळी वाळवतात, माणसं तिथंच होड्या ओढून ठेवतात. ती जागा आता मोठ्या जहाजांच्या धक्क्यासाठी पाहिजे म्हणतात. या लोकांना कोणी विचारत नाही. त्यांचं म्हणणं सरकारपुढे नीट मांडायचं, कायदा काय सांगतो ते त्यांना समजावायचं, हे तिचं काम.

मी विचारलं, "त्या जागेचा सातबारा हाय त्यायच्यापाशी?"

"नाही ना."

"मंग केस गेली. कायले जातं?"

"म्हनूनच जातो, आबाजी."

ही पोट्टी अशीच आहे. घरात माझ्याशी भांडणारी ती एकटी. मुलगा माझ्यापुढे बोलत नाही, सून पदर सावरून आत जाते, बुढी तर लग्न झाल्यापासून माझं ऐकल्यासारखं करते आणि आपलंच करते. सगळ्यांनी हो म्हटलं की माणसाला बोलायला काही उरत नाही. नात मात्र संध्याकाळी बाजेच्या पायथ्याशी बसून दोन तास भांडायची, पेरणीवरून, सरपंचावरून, माझ्या तंबाखूवरून. ती गेली तर मी भांडायचं कोणाशी? पण हे काही मी तिला सांगितलं नाही. पारावर चार माणसांसमोर मोठ्यानं सांगितलं, "एक साल. पोट्टी पोळ्याले जाईन, पोळ्याले वापस येईन. त्याच्यावर एक दिवस नाही." समोरचा तिथंही होता. तो नसतो कुठं?

पोळा झाला आणि ती गेली.

पुढच्या आषाढात एका सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "आबाजी, इकडची मानसं तुमच्याकडं येऊन राह्यली. तुमची परवानगी पाह्यजे त्यायले. मी आता काही सांगत नाही, ते सोताच बोलतीन. फक्त नाही म्हनू नका." मी विचारलं, "किती जन?" म्हणाली, "एक काकू आन् एक दादा. ऐका ना, आबाजी, पुरं तं ऐका..."

मी फोन बंद केला. पुरं ऐकायचं काय होतं? लग्नाच्या वयाची नात, परगावची माणसं, सोबत एक बाई आणि एक जवान पोरगा, आणि आजाची परवानगी. दुसरं काय असतं? मी बुढीला म्हणालो, "पोट्टीनं तिकडंच सोयरीक पाह्यली." बुढी म्हणाली, "तुमी फोन पुरा ऐकला का?" मी म्हणालो, "पोहे भिजव."

मनात राग होता, पण मी विचार केला. आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं आपल्यात नाही. नीट बसवायचं, चार प्रश्न असे विचारायचे की पाहुणाच म्हणेल आम्ही निघतो. मुलगा कामाला अकोल्याला गेला होता, म्हणून साक्षीला समोरच्याला बोलावलं. ही चूक झाली. एवढीच चूक मी मान्य करतो.

दुपारी ते आले. त्यांच्या आधी वास आला, आणि वासाच्या मागं गल्लीतली सगळी मांजरं. बाई पंचावन्न-साठची असेल, खांद्याला फुगलेली पिशवी, आवाज असा की ओसरीत बोलली तर वेशीवर ऐकू यावं. वाऱ्यापावसात होडीवरच्या माणसाला हाका मारायची सवय, असं नंतर कळलं. मागं तिशीचा एक जण, उन्हानं रापलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. इस्त्री पाहिली आणि माझी खात्री झाली.

बाईनं पिशवी बुढीच्या हातात दिली. "घ्या. सुके बोंबील हायेत. एसटीत लोकांनी खिडक्या उघडल्या, पण आणलेच."

बुढीनं तिला कुंकू लावलं, सतरंजीवर बसवलं. पोहे आले. मी फेटा नीट केला.

"वावर किती हाय?" मी त्या पोराला विचारलं.

तो बाईकडे बघायला लागला. "शेत का? शेत नाय आमाला."

समोरचा खाकरला.

"बिलकुल नाही?"

"समुद्र हाय," बाई म्हणाली.

"तो काही तुमच्या एकट्याचा नाही."

"नाय ना! तेच तर भांडण चाललंय, बाबा."

"उत्पन्नाचं कसं?"

"मासळी लागली तर लागली. नाय लागली तर रिकामी होडी घरी."

समोरचा मान हलवत म्हणाला, "म्हंजे कोरडवाहूच."

मी त्याला डोळे दाखवले आणि पुढचा प्रश्न विचारला. "हे पोरगं पेते का?"

"हा? प्यायला तर बायको घरात घेणार नाय त्याला."

"कोनाची बायको?"

"याचीच की. दोन पोरं हायेत. थोरली दुसरीत जाते."

आत स्वयंपाकघरात पितळी ताटली पडली. समोरच्यानं बशीतला चहा धोतरावर सांडला. मी उभा राहिलो. "लगन झालेल्या मानसासाठी माही नात मागाले आले? कोन्या तोंडानं?"

तो बिचारा पोह्याची बशी हातात घेऊनच उभा राहिला. "आजोबा, मी नाय हो! तीन ठिकाणी गाडी बदलायची म्हणून काकीसोबत आलो फक्त!"

बाई आधी माझ्याकडं बघत राहिली, मग तिला उलगडलं. ती हसायला लागली. हसली म्हणजे किती, पदरानं डोळे पुसले, पाणी प्यायली, पुन्हा हसली. आतून बुढी हसत होती. समोरचा तर भिंतीला टेकून हसत होता, आणि गावात सांगायचं कसं याची तयारी तिथंच चालली होती त्याची.

मी खाली बसलो. शांतपणे म्हणालो, "मले माईत होतं. पारखून पाहत होतो."

"पारखलंत ना? मग आता आमचं ऐका," बाई म्हणाली. "तुमची नात एक वर्षासाठी आली. पोळ्याला परत यायचं म्हणते, आजोबांचा शब्द हाय. पण आमचं काम अर्ध्यावर हाय. सुनावणी पुन्हा लागली, दिवाळीनंतर. तिला अजून एक वर्ष मिळतंय. ती माझ्या घरात राहते, माझ्या हातचं जेवते. घरच्या मोठ्या माणसाला न विचारता दुसऱ्याची पोर ठेवून घेणं मला जमायचं नाय. म्हणून आले."

"ते सोता काहून नाही आली?"

"आली असती तर तुमी तिच्याशी भांडला असता. माझ्याशी भांडायचं तर आधी चहा तरी द्यावा लागतो."

मला ही बाई आवडली नाही. म्हणजे आवडली, पण दाखवायचं नव्हतं. मी म्हणालो, "नाही. एक साल म्हंजे एक साल. शब्द फिरवत नाही मी."

"ठीक हाय. मग पहिल्या सुनावणीचं ऐका, आणि आमी निघतो." ती पुढे सरकून बसली. "मोठा मांडव, साहेब वर खुर्चीवर. धक्क्यावाल्यांची माणसं पहिल्यांदा बोलली, सकाळभर. आमचा नंबर आला तर साहेब म्हणाले, जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर आमचं कोण ऐकतो, ते आमाला ठाऊक. तर तुमची नात उठली, माईकपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, या बाया बोलल्याशिवाय मी हलत नाय. साहेब म्हणाले, बसून घ्या. नाय. पोलीसबाई आली, हात धरला. तरी नाय. साहेबांचं जेवण तिकडं वाढून थंड झालं. शेवटी वैतागून म्हणाले, बोला. मी बोलले. चौदा बाया बोलल्या. साहेब उठताना तिला विचारतात, कुठली गं तू? तर म्हणते, वाशिम जिल्ह्याची. आमच्या घरी माझे आजोबा माझ्याहून हट्टी हायेत."

मी तंबाखूची डबी काढली आणि पुन्हा ठेवली. पोलीसबाईनं हात धरला तरी हलली नाही. माझी नात. साहेबाचं जेवण थंड!

पण चार माणसांत दिलेला शब्द होता. माझी नजर गल्लीपलीकडच्या सोयाबीनकडं गेली. मग समोरच्याला विचारलं, "आपल्यात वावरातला सालदार कधीपासून कामाले लागते?"

"गुढीपाडव्यापासून. हे काय इचारनं झालं?"

"मधातच लागला तं?"

"तं पाडव्यापर्यंतचे महिने वरचे, सालात धरत नाही. साल पाडव्यापासून."

"बरोबर. आन् पीक उभं असताना सालदार निंगून जाते का?"

"नाही जात. पन ते पोट्टी काय सालदार हाय?"

"तू चूप बस." मी बाईकडं वळलो. "ऐका, बाई. पोट्टी पोळ्याले लागली. पोळ्यापासून पाडव्यालोक वरचे महिने. तिचं एक साल सुरू झालं ते औंदाच्या पाडव्याले. म्हंजे संपते पुढच्या पाडव्याले. दिवाळीनंतरची तुमची सुनावनी त्याच्यात बसते. मी एक साल म्हनलो होतो, आन् एकच साल देऊन राह्यलो. शब्द फिरला नाही."

बाईनं बोटांवर महिने मोजले. हिशेब बरोबर होता. "आणि पाडव्यानंतर?"

"पाडव्यानंतरचं नवं साल. त्याच्यासाठी पुन्हा इचाराले यावं लागन. इथं, ओसरीवर."

"येऊ की." ती उठली, माझ्या पाया पडली आणि त्या पोराला म्हणाली, "चल रे नवरदेवा." तो लाजून आधीच फाटकापर्यंत पोचला होता.

रात्री नातीचा फोन आला. या वेळी मी पुरा ऐकला, कारण तिनं सुरुवातच भांडणानं केली. "आबाजी, फेलोशिप पोळ्यापासून पोळ्यालोक असते. तुमी पाडव्याले कशी तोडली?"

"ते त्यायचं मोजनं. माहं मोजनं पाडव्याचं."

"म्हंजे काकूनं पाडव्याले पुन्हा एवढ्या दूर याचं?"

"याचं. आन् बोंबील जास्त आनाचे म्हन. तुह्या आजीनं कालवण केलं तं समोरचा अर्धं खाऊन गेला."

"आन् तुमी?"

"मले वास आवडत नाही."

"आजी म्हने तुमी दोन भाकरी खाल्ल्या."

मी म्हणालो एक. ती म्हणाली दोन. बुढी आतून ओरडली, अडीच. बरंच भांडलो.