पंचेचाळीस मोजेपर्यंत

लिफ्टमध्ये कुणी कपाळाला हिरवं औषधी तेल चोळलेलं असलं, की मी अजूनही मनातल्या मनात आकडे मोजायला लागतो. आमचा परदेशातला फ्लॅट ईस्ट कोस्ट नावाच्या समुद्रकाठच्या भागात, चौदाव्या मजल्यावर. त्या डिसेंबरात भरदुपारी असं वादळ आलं, की समोरचा समुद्र टाचा उंचावून आमच्या खिडकीत डोकावला आणि वीज गेली. पाहुणे आलेल्या सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन कण्हून बंद पडलं. मी बोटीवरचा इंजिनियर. तिथं दिवे गेले की पंचेचाळीस मोजायच्या आत इमर्जन्सी जनरेटर सुरू होतोच. "अण्णा, घाबरू नका," म्हणत मी ऐटीत मोजायला लागलो. साठ झाले, सत्तर झाले, अण्णांचे ओठ जांभळे पडले, आणि सात समुद्रांचं पाणी प्यायलेला मी खिळल्यासारखा नुसता आकडे पुटपुटत राहिलो. तेवढ्यात तेलाचा भपकारा घेऊन शेजारची चिनी आजी आत घुसली. "काउंट व्हॉट? लिफ्ट साइड गॉट पॉवर, लाह!" ती तिथल्या मोडक्या इंग्रजीत ओरडली. बिल्डिंगचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि पॅसेजपुरता होता. आम्ही दोघांनी अण्णांना खुर्चीसकट ओढत तिथं नेलं, सफाईवाल्यांच्या प्लगला मशीन लावलं, आणि अख्खा मजला पुठ्ठ्यांनी वारा घालत भोवती उभा राहिला. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुमच्या बोटीवर मला कधी नेऊ नका हं." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर सगळे हसले, मीही हसलो, पण प्लगवरचा हात न काढता. ही गोष्ट सांगताना मी दर वेळी समुद्र एकेक मजला वर चढवतो. त्या ओठांचा रंग मात्र मला कधीच वाढवून सांगावा लागला नाही.