ढोलापुढं कोण हाय

बारामतीत इंदापूर रस्त्याला एका खताच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. खाली युरियाच्या गोण्या, वर मी. म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले आणि आता तो नादच सोडला आहे. आत्याच्या मते मी डीजे लावते. शेजारच्या काकूंच्या मते मोबाईलमध्ये गाणी भरून देते. खरं म्हणजे कुणी गातं, कुणी वाजवतं, आणि त्या सगळ्याचं मिळून एक गाणं व्हावं म्हणून मी मधे बसून सगळ्यांशी भांडते. सकाळी सुपे गावातल्या लग्नासाठी नवरीच्या एंट्रीचं गाणं, दुपारी कॉलेजच्या पोरांचं रॅप, संध्याकाळी कोलंबियातल्या एका बँडला हवी असलेली हलगी. माणसं कुठलीही असोत, ‘आवाज अजून थोडा वाढवा’ हे सगळीच म्हणतात.

स्टुडिओच्या भिंतींना मी घोंगडी लावली आहेत. महागडा फोम परवडत नव्हता हे एक, आणि घोंगड्याइतका आवाज दुसरं काही पीत नाही हे दुसरं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते अजिबात पटलं नव्हतं.

“घोंगडं आंथरायचं आसतं. भितीला कशापायी टांगलंस?” एवढंच बोलून ते गेले, ते परत स्टुडिओत आलेच नाहीत. पुढे गुडघ्यामुळे तर जिन्याचं निमित्तच मिळालं.

आबा साखर कारखान्यात फिटर होते. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं. मेंढरं आजोबांच्या काळातच गेली, पण बिरोबाच्या जत्रेतली गजी राहिली. पांढरी धोतरं नेसलेले, हातात रंगीत रुमाल घेतलेले पुरुष ढोलाच्या तालावर फेर धरतात, ती गजी. आबा फेरात सगळ्यांच्या पुढे असायचे. कारखान्यात सीझन जोरात असला, तरी जत्रेला पाळी बदलून घ्यायचेच. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, झेपेल ते करा. गेल्या जत्रेत कुणीतरी मायेनं त्यांच्यासाठी देवळाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची आणून मांडली. गजी संपेपर्यंत आबा तिच्यात बसून होते. घरी आल्यावर त्यांनी रुमाल धुतला, घडी केली आणि कपाटात पार वरच्या फळीवर ठेवला. त्यानंतर त्यांचं जग चहाच्या टपरीपर्यंत येऊन थांबलं. मला त्या खुर्चीचा असा राग यायचा की बस्स. आबांशी मात्र त्यावर एक शब्द बोलायची माझी हिंमत झाली नाही.

अशात लिस्बनच्या एका बाईचा निरोप आला. ती अकॉर्डियन वाजवते. आमची ओळख आधीच्या एका कामातली, भेट फक्त पडद्यावरची. तिला गजीचा ढोल हवा होता, त्यावर ती आपले सूर बांधणार होती. मी लगेच तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. यांनी ढोल वाजवायचा आणि आबांनी पुढे नाचायचं, हे मिसरूड फुटायच्या आधीपासून ठरलेलं.

तात्या एसटीनं आले, ढोल मांडीवर घेऊन. जिना चढून वर आले, भिंतीवरचं एक घोंगडं सरळ काढलं, खाली अंथरलं आणि त्यावर ढोल ठेवला. ढोलाला भंडारा लावला, उरलेला माझ्या कपाळाला लावला. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. त्यात ठरलेल्या लयीची टकटक चालू होती, तिच्या बरोबरीनं वाजवायचं होतं.

तात्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “कानात पाल चुकचुकल्यागत हुतंय. नगं मला ह्ये.”

मी म्हटलं, नको तर नको, तुमच्या मनानं वाजवा. त्यांनी वाजवलं. ढोल तोच, हात तेच, आणि ऐकायला मात्र कुणी पत्र्याची पेटी बडवतंय असं वाटत होतं. तात्यांनाही ते कळत होतं. ते थांबायचे, घाम पुसायचे, परत सुरू करायचे. शेवटी काठी बाजूला ठेवून ओशाळल्यासारखे हसले.

“मलाच वाजवाय येईना झालंय बघ. म्होरं कोणच न्हाय.”

“मी आहे की तात्या.”

“तू नाचतीयास व्हय?”

मी माझ्या बुद्धीप्रमाणे उपाय काढला. गेल्या जत्रेतल्या गजीचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. पुढे नाचणारी माणसं हवीत ना, ही घ्या भरपूर. तात्या पडद्याकडे बघत वाजवू लागले, आणि ते आधीपेक्षाही वाईट झालं.

“आगं, ही तर मागल्या सालीच नाचून बसल्याती,” तात्या म्हणाले. “मी जोर लावला तर ही पळणार हायती का? मी हात आखडला तर थांबणार हायती का? मग मी वाजवू कुणासाठी?” मग म्हणाले, “तुझ्या बापाला बोलीव.”

मला वाटलंच होतं. मी फोन लावला. आबा म्हणाले, “गुडघा हाय.” एवढंच. तात्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि गुडघ्याचा विषयच काढला नाही. “आरं, मी बारामतीत आलोय. च्या प्यायला तरी ये.”

आबा आले. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. हात धरायला गेले असते तर ते तिथूनच परत फिरले असते, म्हणून हात मागे बांधून नुसतीच बघत राहिले. आत आल्यावर त्यांनी भिंतीवरची रिकामी जागा बघितली, मग जमिनीवरचं घोंगडं बघितलं, आणि माझ्या खुर्चीत बसले. चहा झाला. तात्यांनी ढोल पुढे ओढला आणि वाजवू लागले.

आबांनी जरा वेळ ऐकून घेतलं. “ढोल मागं पडतोय,” ते म्हणाले.

“तू बसल्यावर कुणाला धरून पळू?” तात्या हात न थांबवता म्हणाले.

आबा उठले. खिशातला साधा पांढरा रुमाल काढला. खोली एवढीशी, वायर कडेला सरकवायला मला धावपळ करावी लागली. ते हळू सुरू झाले. उजव्या पायावर सहज वळायचे, डावा टेकताना मात्र थबकायचे, गुडघ्याचा अंदाज घ्यायचे आणि मग पुढचं पाऊल टाकायचे. पहिल्या फेरात ढोल त्या जागी पुढे निघून गेला. दुसऱ्या फेरात तात्यांची नजर आबांच्या गुडघ्यावर होती. काठी वर गेली आणि तिथेच थांबली. आबांचा पाय टेकला, मग ठोका पडला. त्यानंतर प्रत्येक फेरात तसंच. ढोल त्या एका जागी थांबायचा, आबांना घ्यायचा आणि पुढे निघायचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्याची भीती होती, आनंद होता, आणि आबांना इतके दिवस नुसतं बसलेलं बघून साठलेलंही बरंच काही होतं. रेकॉर्डिंग चालू आहे ना, हे मी तीनतीनदा बघत होते.

झाल्यावर आबा खुर्चीत बसले, गुडघा चोळला, म्हणाले, “जाऊ द्या. बसली न्हाय गजी. माझ्यापायी ढोल लंगडला.” तात्या भांडायला लागले, पण आबांनी ऐकलं नाही. दोघं एसटी स्टँडकडे निघून गेले आणि मला वाटलं, झालं, आता रुमाल कपाटातून कधीच खाली येत नाही.

मी ढोलाचं रेकॉर्डिंग लिस्बनला पाठवलं. तिचं उत्तर आलं, ढोल अप्रतिम आहे. फक्त प्रत्येक फेरात एक ठोका उशिरा पडतो. तू सरळ करतेस की मी करू?

हे काम मी रोज करते. उशिरा पडलेला ठोका पडद्यावर धरायचा आणि ओढून जागेवर बसवायचा, डाळीतला खडा काढण्याइतकं सोपं. मी तिला लिहिलं, सरळ करू नकोस. तिथे माझे वडील आहेत. मग ऑपरेशन, गजी, तात्यांची वर थांबलेली काठी, सगळं लिहिलं. पाठवल्यावर वाटलं, बाईला काम हवंय, आमच्या घरची कहाणी नको. बरेच दिवस तिच्याकडून काहीच आलं नाही. मी मनाची तयारीही करून ठेवली.

मग गाणं आलं. मी ते आधी एकटीनं ऐकलं आणि तशीच घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते. फोन त्यांच्या हातात दिला, त्यांनी कानाशी धरला. ढोल सुरू झाला, त्यावर अकॉर्डियन. ते परकं वाद्य ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पहिला फेर पुरा होत आला. ती जागा आली, ढोल थांबला, आणि अकॉर्डियनही थांबलं. सूर तसाच धरलेला, श्वास रोखल्यासारखा. ठोका पडला, मग दोन्ही एकदम पुढे निघाले. पुढच्या फेरात परत तसंच. आबांचा डावा पाय ओट्यावरून खाली लोंबत होता, तो त्या जागी अलगद जमिनीला टेकत होता.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, “हिला कुणी सांगितलं, थांबायचं म्हणून?”

“ढोल का थांबतो, तेवढं मी सांगितलं,” मी म्हणाले. “पुढचं तिचं तिनं केलं.”

“कुठली म्हणालीस ही बाई?”

“लिस्बनची. लांब आहे आबा, समुद्रापलीकडं.”

त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, “तात्याला फोन लाव. म्हणावं, औंदा जत्रंत खुर्ची मांडू नगा.”